सी ड्राइव्हच्या आधीचा माणूस

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस जालन्याला आली होती. संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिला दिवस फराळात गेला. दुसऱ्या दिवशी तिने माझा लॅपटॉप मांडीवर घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो सुरू केला, तर रोजचे ओळखीचे चित्र येण्याऐवजी काळ्या पडद्यावर तीन-चार ओळी उभ्या राहिल्या. यातली एक निवडा म्हणे. आणि खाली दहापासून उलटे आकडे पळत होते. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला उलटे पळणारे आकडे बघवत नाहीत. मी जोरात हाक मारली.

ती हातात चकली घेऊनच आली आणि तिने मला समजावले, की मामा, आता तुमच्या लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडे आहेत. एक विंडोजचे, एक लिनक्सचे. सकाळी ज्याला उठवाल ते उठेल, दुसरे झोपून राहील. जागा वाटून दिली आहे, एकमेकांच्या खोलीत कोणी शिरत नाही. शिवाय लिनक्सच्या घरात तिने एक पोटभाडेकरूही ठेवला होता. म्हणजे लिनक्स जागे असतानाच त्याच्या पोटात एक लटके यंत्र तयार करायचे आणि त्या लटक्या यंत्राला आपण १९९० सालचा खराखुरा कॉम्प्युटर आहोत असे भासवायचे. त्यात जुनी डॉस सिस्टीम सुरू करायची. मी आमच्या जुन्या जालन्यातला वाडा आठवला. एका जोत्यावर तीन चुली, आणि मधल्या खोलीत मास्तरांचे भाड्याचे बिऱ्हाड. तेव्हा कुठे मला थोडेफार उमगले.

हा उद्योग तिने माझ्यासाठीच केला होता. आमच्या माळ्यावर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात अकरा फ्लॉप्या आहेत. १९९३-९४ साली मी अंबड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. दर रविवारी एसटीने जालन्याला येऊन एका स्नेह्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसायचो आणि डॉसवर चालणाऱ्या एका मराठी लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कादंबरी लिहायचो. १९९४च्या पावसाळ्यात ती पुरी झाली. छापलेली एकुलती एक प्रत एका प्रकाशकाकडे पाठवली, ती परत आली नाही. पुढे क्लास बंद पडला, यंत्र भंगारात गेले, ते सॉफ्टवेअरही नाहीसे झाले आणि कादंबरी डब्यात राहिली. नंतर मी आणखी सहा कादंबऱ्या लिहिल्या, पण डब्यातली विसरलो नाही. तिचा विषय होता जामीनकी. कागद न वाचता मेहुण्यासाठी सही करणारा एक शेतकरी. तो शेतकरी मला माझ्या टेबलासमोर भेटला होता. सही कुठे करायची ते बोट ठेवून मीच त्याला दाखवले होते.

तर भाचीने पोटभाडेकरूला उठवले. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात ए हे इंग्रजी अक्षर, त्यापुढे कोनाची खूण आणि लुकलुकणारी रेघ. तीस वर्षांनी ती खूण पाहून मला एखाद्या जुन्या शिपायाने दारात उभे राहून नमस्कार केल्यासारखे वाटले. भाची म्हणाली, ही खूण ज्याने घरोघरी पोचवली तो माणूस तुमची कादंबरी संपली त्याच पावसाळ्यात वारला. योगायोगाला अर्थ नसतो हे मला ठाऊक आहे. तरी पुढचे दोन महिने मी त्या माणसाविषयी मिळेल ते वाचत बसलो. त्याचे नाव गॅरी किल्डॉल.

वाचकांपैकी कॉम्प्युटरवाल्यांना हे नाव माहीत असेल, आणि त्यांना त्याची एकच गोष्ट माहीत असेल. आयबीएमचे लोक दारात आले तेव्हा हा गृहस्थ विमान उडवायला गेला होता आणि त्या एका दिवसात त्याने जगातली सर्वात मोठी संधी घालवली, ही ती गोष्ट. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात आम्हालाही ती सांगितली गेली होती. सांगणारा हसला होता आणि आम्हीही हसलो होतो. ती गोष्ट पुढे येईलच.

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२चा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला समुद्रकाठच्या सिॲटल शहरातला. घरची नौकानयनाची शाळा होती. जहाजावरच्या लोकांना ताऱ्यांवरून आणि नकाशावरून वाट काढायला शिकवणारी. आजोबांनी काढलेली, वडिलांनी चालवलेली. पोरगा शाळेत फारसा चमकला नाही. मोटारी उघडायच्या, काहीतरी जोडायचे, मोडायचे, हा नाद. पण घरच्या शाळेत शिकवता शिकवता त्याला गणिताची गोडी लागली आणि गणिताचा मास्तर व्हायचे ठरवून तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. तिथे कॉम्प्युटर भेटला आणि मास्तरकीचा बेत मागे पडला. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवेन हिच्याशी लग्न झाले होते. पुढच्या कथेत तिचे काम मोठे आहे.

व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते, लष्करी सेवा टळणारी नव्हती. नौदलाने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. युद्धनौकेवर जा किंवा कॅलिफोर्नियात माँटेरेच्या नौदल महाविद्यालयात शिकव. त्याने दुसरी धरली. १९७२ साली डॉक्टरेट मिळाली. त्याच सुमारास २५ डॉलरला विकाऊ असलेल्या एका कॉम्प्युटरची जाहिरात त्याने पाहिली. तो कॉम्प्युटर कसला, इंटेल कंपनीची नखाएवढी चकती होती ती. तिला ना कळफलक, ना पडदा. इतरांनी ती जाहिरात वाचून पान उलटले असेल.

किल्डॉलने चकती मागवली, पण ती बसवायला यंत्र कुठे होते? मग त्याने महाविद्यालयाच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला, की ज्याच्यामुळे तो मोठा कॉम्प्युटर आपण ती लहानशी चकतीच आहोत असे वागू लागला. चकतीसाठीचे प्रोग्रॅम आधी या सोंगात तपासून बघायचे. माझ्या भाचीने माझ्या लॅपटॉपवर ठेवला तोच हा पोटभाडेकरू. पन्नास वर्षांपूर्वीचा. यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र वसवता येते, कारण यंत्र म्हणजे शेवटी नेमाने पाळलेल्या आज्ञा, हे त्याला पक्के समजलेले होते. इंटेलच्या लोकांनाही त्याचे हे काम आवडले. सुटीच्या दिवशी तो गाडी काढून त्यांच्याकडे जाऊ लागला आणि १९७३ साली त्याने त्यांना या चकत्यांसाठी एक प्रोग्रॅमिंगची भाषा करून दिली.

आता अडचण होती ती साठवणुकीची. प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कागदी फितीवर असत, आणि ती फीत वाचून होईपर्यंत माणसाचा चहा होई. तेवढ्यात फ्लॉपी निघाली. किल्डॉलने शुगार्ट कंपनीकडून चाचणीत झिजलेला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. तो चकतीला कसा जोडायचा ते त्याला जमेना. महिनोन्महिने ते धूड घरात पडून राहिले. अखेर जॉन टोरोडी या विद्यापीठातल्या जुन्या मित्राने जोडणीची विद्युतपाटी बनवली. १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह या गावी, घरामागच्या अवजारांच्या खोलीत तो ड्राइव्ह फिरला. पडद्यावर ती कोनाची खूण उमटली आणि किल्डॉलने लिहिलेली सिस्टीम चालू झाली. तिचे नाव सीपी/एम.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, असे माझ्या सौभाग्यवतींनी मला विचारले होते. त्यांना सांगितले तेच इथे सांगतो. बँकेत अधिकाऱ्याची दर तीन वर्षांनी बदली होते. आज अंबड, उद्या मंठा, परवा भोकरदन. तरी तो नव्या शाखेत दुसऱ्या दिवसापासून काम करू शकतो, कारण मुख्य कार्यालयाची नियमावली सगळीकडे एकच. खाते कसे उघडायचे, रक्कम कशी द्यायची, रजिस्टर कुठल्या नमुन्यात लिहायचे, सारे ठरलेले. ही नियमावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. पण प्रत्येक शाखेची इमारत निराळी असते. तिजोरीची किल्ली कुठल्या बाजूला अडते, जनरेटर कुठे लाथ मारल्यावर सुरू होतो, हे नियमावलीत नसते. ते जुन्या शिपायाला ठाऊक असते.

किल्डॉलच्या आधी दर नव्या यंत्रासाठी अख्खी नियमावली नव्याने लिहावी लागे. एका कंपनीने सीपी/एम मागितली, तिचे ड्राइव्ह निराळे. दुसरीने मागितली, तिचे आणखी निराळे. तो कंटाळला आणि १९७६-७७च्या सुमारास त्याने सिस्टीमचे दोन भाग केले. जे यंत्रागणिक बदलते तेवढेच एका छोट्या तुकड्यात काढून ठेवले आणि बाकीची नियमावली सर्वांना एकच ठेवली. त्या छोट्या तुकड्याला त्याने बायोस हे नाव दिले. आमच्या भाषेत शिपाई. आता नव्या यंत्रवाल्याने फक्त आपला शिपाई नेमायचा, अधिकारी तयार होता. आजच्या लॅपटॉपमध्ये त्या जागी नवी व्यवस्था आली आहे, तरी दुरुस्ती करणारी मुले तिला अजून बायोसच म्हणतात. भाचीने दुसरे बिऱ्हाड बसवण्याआधी सुरुवातीलाच एक कळ दाबून जिथे शिरकाव केला, ते हेच दार.

याचा परिणाम प्रचंड झाला. तोवर प्रत्येक कंपनीचे यंत्र म्हणजे एक स्वतंत्र संस्थान होते, तिथली भाषा तिथेच. आता सीपी/एमसाठी एकदा लिहिलेला प्रोग्रॅम शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालू लागला. म्हणून प्रोग्रॅम लिहून विकणे हा धंदा उभा राहिला. आमच्या जालन्यात नव्वदीच्या सुरुवातीला प्रत्येक क्लासच्या पाटीवर तीन नावे असायची, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस. टायपिंगच्या क्लासवाल्यांनी रातोरात पाट्या बदलल्या होत्या, पण तीन नावे तीच. त्यातले वर्डस्टार आणि डीबेस मुळात सीपी/एमवर जन्मले आणि नंतर डॉसवर आले. फाइलीचे नाव आठ अक्षरांत बसवायचे आणि पुढे टिंब देऊन तीन अक्षरे, ही आपल्या पिढीच्या बोटांत बसलेली सवयही तिकडूनच आली. ए आणि बी म्हणजे फ्लॉपीचे ड्राइव्ह, ही अक्षरे छोट्या कॉम्प्युटरांत आणली ती सीपी/एमने. फ्लॉपी जाऊन कैक वर्षे झाली. तरी आजच्या कोऱ्या लॅपटॉपवर विंडोजची पहिली डिस्क सी असते. ए आणि बी कुठे गेले असे आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलाने विचारले होते, तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते.

धंदा सांभाळला डोरोथीने. नवरा-बायकोने १९७४ साली कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगांच्या पलीकडची. घरामागच्या खोलीतून. पुढे आकाशगंगा गळाली आणि डिजिटल रिसर्च उरली. डोरोथी व्यवहारात माहेरचे आडनाव लावत असे. लोकांनी पत्राने सीपी/एम मागवावी, सुमारे ७० डॉलर पाठवावेत, आणि तिने फ्लॉपी टपालात टाकावी. एका यंत्र कंपनीने १९७७ साली २५,००० डॉलर एकरकमी देऊन हक्क घेतले, तेव्हा तो आकडा त्यांना फार मोठा वाटला होता. चार वर्षांत सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या कॉम्प्युटरांवर चालत होती आणि कंपनीचे वार्षिक उत्पन्न ५४ लाख डॉलरवर गेले होते. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या एका जुन्या लाकडी बंगल्यात कार्यालय थाटले. किल्डॉलने स्वतःचे विमान घेतले.

ज्यांच्याकडे सीपी/एम चालत नव्हती असे एक लोकप्रिय यंत्र होते, ॲपल टू. त्याची चकतीच वेगळ्या जातीची. १९८० साली मायक्रोसॉफ्ट या तेव्हाच्या लहान कंपनीने एक कार्ड काढले. ते ॲपलच्या पोटात खोचले की त्यात दुसरी चकती जागी होई आणि ॲपलवर सीपी/एम चालू लागे. एका यंत्रात दोन बिऱ्हाडे. कार्ड धडाक्याने खपले आणि त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या कमाईत त्याचा वाटा मोठा होता. म्हणजे बिल गेट्स यांच्या कंपनीने सीपी/एम विकूनही पैसा मिळवला होता. त्या कार्डाचा पहिला आराखडा बनवणाऱ्या तरुणाचे नाव टिम पॅटरसन. हे नाव लक्षात ठेवा.

आता ती गोष्ट. १९८०च्या उन्हाळ्यात आयबीएमने गुपचूप छोटा कॉम्प्युटर बनवायला घेतला आणि सिस्टीम हवी म्हणून माणसे मायक्रोसॉफ्टकडे आली. गेट्स यांनी त्यांना किल्डॉलकडे पाठवले. ठरलेल्या दिवशी आयबीएमचे लोक त्या लाकडी बंगल्यात पोचले. किल्डॉल आणि त्याचा एक सहकारी सकाळीच विमानाने ऑकलंडकडे एका गिऱ्हाइकाला भेटायला गेले होते. मौज म्हणून गेले नव्हते, कामाला गेले होते. सौदे नेहमी डोरोथीच करत असे, आणि ती हजर होती.

बोलणे सुरू होण्याआधी आयबीएमने एक कागद पुढे केला. आम्ही जे सांगू ते गुप्त, तुम्ही जे सांगाल ते गुप्त नाही, असा त्याचा मथितार्थ. डोरोथीने सही केली नाही. तिने वकिलाला बोलावले आणि दिवसाचा मोठा भाग त्या कागदावर गेला. दुपारी किल्डॉल परतला, बोलण्यात सामील झाला, असे तो आणि त्याचा सहकारी सांगत. आयबीएमच्या काहींनी तो दिसलाच नाही असे सांगितले. हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत आणि आता जुळणारही नाहीत.

मी इथे बँकवाला म्हणून बोलतो. समोर मोठा माणूस आहे, घाई करतो आहे, कागद एकतर्फी आहे. अशा वेळी वकिलाला विचारल्याशिवाय सही न करणारी बाई हजार माणसांत एक. तिला जगाने दोष दिला. प्रशिक्षणात आम्हाला सांगितले गेले की संधी आली की झडप घालावी. मी मात्र सदतीस वर्षांत झडप घातलेल्यांच्या सह्या फायलीत पाहिल्या. त्यातल्या कितीतरी सह्या माझ्या बोटाखाली झाल्या. पीककर्जाच्या गर्दीत चाळीस माणसे रांगेत, आणि प्रत्येकाला आठ ठिकाणी सही. वाचून दाखवायला वेळ कुणाला होता? मला नव्हता. डोरोथी मॅकएवेन माझ्या टेबलासमोर आली असती तर मलाही तिचा राग आला असता. माझ्या कादंबरीतला तो शेतकरी मात्र वाचला असता.

शिवाय सौदा फिसकटला तो त्या एका दिवसामुळे, हेही खरे नाही. बोलणी नंतरही चालली. आयबीएमला एकरकमी हक्क हवे होते, किल्डॉल दर प्रतीमागे पैसे घेणारा. आणि त्याहून मोठे कारण त्याच्याच घरातले होते. आयबीएमच्या नव्या चकतीसाठी सीपी/एमची नवी आवृत्ती हवी होती आणि ती तयार नव्हती. किल्डॉलचे लक्ष एका नव्या भाषेच्या कामात गुंतले होते. त्याला कठीण गोष्टी सोडवायला आवडत, सोडवलेल्या गोष्टी वेळेवर पोचवायला नाही. हा दोष त्याचाच, तो झाकण्यात अर्थ नाही.

तिकडे सिॲटलच्या एका लहान कंपनीतही नवी चकती घेऊन लोक वाट पाहत बसले होते. सीपी/एम येत नाही म्हटल्यावर तिथल्या तरुणाने तिच्याच वळणाची एक सिस्टीम स्वतः लिहून काढली. प्रोग्रॅमने सिस्टीमला हाक कशी मारायची याचे संकेत सीपी/एमच्या माहितीपुस्तिकेवरून घेतलेले. तो तरुण म्हणजे टिम पॅटरसन. मायक्रोसॉफ्टने ती सिस्टीम आधी वापरायला घेतली, मग १९८१च्या जुलैत विकतच घेतली. दोन्ही मिळून ७५,००० डॉलर. तीच आयबीएमला दिली, आणि स्वतःची म्हणून इतरांना विकण्याचा हक्क राखून ठेवला. हीच डॉस. पॅटरसनने नक्कल केली की केवळ रिवाज उचलला, यावर आजही वाद घालणारे आहेत. मला वाटते नियमावली त्याने आपल्या हाताने लिहिली, पण रजिस्टरांचे नमुने किल्डॉलचे होते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. किल्डॉलने डॉस पाहिली आणि तो खवळला. पण सॉफ्टवेअरच्या स्वामित्वाचा कायदा तेव्हा नुकता आकार घेत होता, आणि समोर आयबीएम. शेवटी तडजोड झाली. आयबीएमने पीसीबरोबर सीपी/एमही विकायला ठेवायची, किल्डॉलने फिर्याद करायची नाही. म्हणजे पीसीच्या गिऱ्हाइकासमोर तीन सिस्टीम होत्या, डॉस, सीपी/एम, आणि विद्यापीठात तयार झालेली एक तिसरी. आज माझ्या पडद्यावर येते तशीच निवड, फक्त ती दुकानात करायची होती आणि एकदाच करायची होती.

दुकानात चिठ्ठ्या लागल्या. डॉस ४० डॉलर. सीपी/एम २४० डॉलर. आणि ती आली तीही सहा महिन्यांहून उशिरा. किल्डॉलला वाटले होते की दोन्हींची किंमत सारखी राहील. आपली फसवणूक झाली असे तो शेवटपर्यंत मानत राहिला. तडजोडीच्या कागदात किमतीचे कलम नव्हते. इतका सावध कारभार, आणि नेमके तेवढेच राहिले. फायली तपासताना माझ्या हाताखालून असे एक-एक कलम गेले आहे, म्हणून ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ कुंडलिकेच्या पुलाकडे फिरून आलो.

त्यानंतरही तो बसून राहिला नाही. त्याच्या कंपनीने एकाच वेळी अनेक कामे चालवणारी सिस्टीम काढली आणि तिच्या पुढच्या आवृत्तीत सीपी/एमचे आणि डॉसचे प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालू लागले. हरलेल्या माणसाने जिंकलेल्याला आपल्या घरात जागा करून दिली. चित्रे आणि माऊस असलेला पडदा त्यांनी १९८५ साली बाजारात आणला. किल्डॉलने दुसरी कंपनी काढून एक अख्खा ज्ञानकोश सीडीच्या एका चकतीवर बसवला. १९८३ पासून काही वर्षे तो कॉम्प्युटरविषयीच्या एका दूरदर्शन कार्यक्रमात सहनिवेदक होता. त्याचे जुने भाग मी पाहिले. लालसर दाढी, मऊ आवाज. प्रतिस्पर्ध्याच्या मालाचेही कौतुक करणारा. शिक्षक होता तो, दुकानदार नव्हता.

घर मात्र मोडले. १९८३ साली डोरोथीशी घटस्फोट झाला. १९९१ साली कंपनी नॉव्हेलला विकली गेली. त्याच्या हातात पैसा भरपूर आला, तो टेक्सासला राहायला गेला. मोटारी, विमाने, मोठे घर, आणि दारू. १९९२ साली त्याच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचा पंचवीस वर्षांचा समारंभ होता. विभागाच्या पहिल्या काही डॉक्टरेटांपैकी तो एक. प्रमुख वक्ते म्हणून विभागाने बोलावले बिल गेट्स यांना, ज्यांनी दुसऱ्या विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडले होते. किल्डॉलला श्रोत्यांत बसायचे निमंत्रण. हे त्याला लागले. लागणारच. पैशाची हार माणूस पचवतो, पण शाळेने ओळख न देणे पचत नाही. त्याने आठवणी लिहायला घेतल्या. त्या टंकलिखित प्रती त्याने घरच्यांना आणि मोजक्या स्नेह्यांना दिल्या, छापल्या नाहीत.

८ जुलै १९९४ रोजी माँटेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. तो पडला की आणखी काही झाले, याचा नीट उलगडा झाला नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय ५२. सिॲटलच्या मातीत त्याला निरोप दिला गेला. त्याच्या आधी बाराच दिवस, २९ जूनला, जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने जाहीर केले होते की डॉससारखी एक सिस्टीम आपण सर्वांसाठी फुकट लिहायला घेणार आहोत. फ्रीडॉस. भाचीने माझ्या लॅपटॉपवर ठेवलेला पोटभाडेकरू तोच.

२०१४ साली पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या बंगल्यासमोर अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने सीपी/एमची आठवण म्हणून पाटी बसवली. २०१६ साली घरच्यांच्या संमतीने आठवणींचा पहिला भाग लोकांना वाचायला खुला झाला. नंतरची प्रकरणे त्यांनी रोखून धरली. आजाराने ग्रासलेल्या दिवसांतले ते लेखन खऱ्या गॅरीचे नाही, असे त्यांना वाटते. लेखक म्हणून मला ती वाचायची हाव आहे. बाप म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे.

आता डब्याकडे. भाचीने पुण्याहून फ्लॉपी वाचायचे जुने उपकरण मागवले होते. चौदा प्रकरणे, अकरा फ्लॉप्या. काही फ्लॉप्यांवर बुरशीचे डाग होते, ते तिने कापसाने पुसले. एकेक फ्लॉपी घातली की त्या काळ्या पडद्यावर यादी येई, आठ अक्षरांत कोंबलेली नावे, पुढे आकार, पुढे तारीख. माझीच नावे मला ओळखू येईनात. सॉफ्टवेअरची फ्लॉपी शाबूत निघाली, हे नशीबच. संध्याकाळपर्यंत तेरा प्रकरणे उघडली. बाळबोध लेखन, विशेषणे फार. पण अंबडच्या बाजारातला धुरळा त्यात जसाच्या तसा होता.

नववे राहिले. यादीत त्याचे नाव दिसत होते, आकार दिसत होता. त्याच प्रकरणात तो शेतकरी बँकेत येतो आणि अधिकारी बोट ठेवून त्याला जागा दाखवतो. आज ते नव्याने लिहीन म्हटले तर मी त्या अधिकाऱ्याला कसा लिहीन हे मला ठाऊक आहे. चौतिसाव्या वर्षी, त्या खुर्चीत बसलेला असताना मी त्याला कसा लिहिला होता, ते वाचायचे होते. फ्लॉपी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पडद्यावर डॉसचा तो जुना प्रश्न आला, सोडून द्यायचे, पुन्हा बघायचे की हार मानायची. तिन्हींसाठी एकेक अक्षर. भाचीने तीनदा पुन्हाचे अक्षर दाबले आणि माझ्याकडे पाहिले. तिची गाडी सातची होती. मी म्हटले, तू जेवून घे, आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढून चौथ्यांदा तेच अक्षर दाबले.